स्कोअरबोर्डवर ज्याचं नाव नसतं

सुरुवातीला एक सोपा प्रश्न. 'कोच' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ट्रान्स-हार्बरने रोज धक्के खात येणाऱ्यांना लोकलचा डबा आठवेल. बारावीत सीईटीसाठी रात्री जागवलेल्यांना कोचिंग क्लास आठवेल. आणि थोड्या, अगदी थोड्या लोकांना गळ्यात शिट्टी अडकवून उन्हात उभा असलेला माणूस आठवेल.

गंमत म्हणजे तिन्ही उत्तरांना पूर्ण मार्क आहेत, कारण तिन्हींचं मूळ एकच! हंगेरीत 'कोच' नावाचं एक गाव आहे. पंधराव्या शतकात तिथे चांगल्या घोडागाड्या बनायच्या, म्हणून गाडीलाच गावाचं नाव पडलं आणि ते युरोपभर पसरलं. पुढे १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डची मुलं परीक्षेतून पार नेणाऱ्या मास्तरांना गमतीने 'कोच' म्हणू लागली. खेळाच्या मैदानावर हा शब्द त्यानंतर आला. म्हणजे क्लासवाले आधी, शिट्टीवाले नंतर!

मला हा अर्थ फार आवडतो. गाडी तुम्हाला स्टेशनवर सोडते आणि यार्डात निघून जाते. तुम्ही कुठे पोहोचलात त्याचा फोटो निघतो, गाडीचा कोणी काढत नाही. कोचचं करिअर असंच असतं का? आणि असं असेल तर शहाण्या माणसाने ते का निवडावं? हा प्रश्न माझ्यासाठी नुसता लेखापुरता नाही, ते पुढे येईलच. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत इंग्रजी शब्द डोकावतील. तेवढं सांभाळून घ्या.

धडा पहिला : चौदा दिवस आणि दोन टोपल्या

डिसेंबर १८९१. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव. वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये जेम्स नेस्मिथ नावाचे तिशीचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, आत कवायतीला कंटाळलेली अठरा मुलं. वरिष्ठांनी सांगितलं, चौदा दिवसांत हॉलमध्ये खेळता येईल असा नवा खेळ शोधून काढा. (आपल्या मिनी प्रोजेक्टची डेडलाइन आठवली ना?) नेस्मिथनी गॅलरीच्या कठड्याला दोन्ही बाजूंना पीचच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि फुटबॉलचाच चेंडू वापरून नऊ-नऊच्या दोन टीम खेळवल्या. पहिल्या मॅचचा स्कोअर १-०. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून जगभर बास्केटची उंची आजही दहा फूट आहे.

पुढे नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले आणि १८९८ ते १९०७ तिथल्या टीमचे कोच झाले. त्यांचं रेकॉर्ड आहे ५५ विजय आणि ६० पराभव! ज्याने खेळ शोधला, तोच कोच म्हणून नापास? आकडे तरी तसंच म्हणतात. पण त्यांच्या टीममध्ये फॉग अॅलन नावाचा मुलगा खेळत होता. तो पुढे त्याच कॅन्ससमध्ये ३९ सीझन बास्केटबॉलचा कोच राहिला आणि १९२०च्या सीझनला त्याने कॉलेजची फुटबॉल टीमही सांभाळली (तिकडचा फुटबॉल, म्हणजे तो लांबट अंड्यासारखा चेंडू). अॅलनच्या हाताखाली गणित घेऊन शिकणारा डीन स्मिथ खेळला. स्मिथ नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा कोच झाला आणि त्याच्या १९८२च्या विजेत्या टीममध्ये पहिल्या वर्षाचा एक पोरगा होता. नाव मायकेल जॉर्डन!

आता सांगा, नेस्मिथचं रेकॉर्ड ५५-६० धरायचं की या साखळीवरून मोजायचं? कोचचा रिझल्ट सेमिस्टरच्या शेवटी लागत नाही. तो पन्नास वर्षांनीही लागू शकतो.

अजून एक मजेदार माहिती. सुरुवातीच्या काळात बास्केटबॉलमध्ये मॅच चालू असताना कोचने खेळाडूंना सूचना द्यायला बंदी होती. अमेरिकेत टाइम-आउटमध्ये कोचला खेळाडूंशी बोलायची परवानगी १९४९ साली मिळाली. म्हणजे जे शिकवायचं ते आधी शिकवा आणि मॅचच्या वेळी गप्प बसा. ओरलच्या वेळी आपले सर बाजूच्या खुर्चीवर बसलेले असतात आणि प्रश्न एक्स्टर्नल विचारतो, तसंच काहीसं!

धडा दुसरा : नागपाडा

बास्केटबॉल आपल्याकडेही वायएमसीएच्याच रस्त्याने आला. हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकाने १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं. तिथून शिकून बाहेर पडलेले पीटी शिक्षक देशभर गेले आणि खेळही त्यांच्याबरोबर गेला. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे मॅनेजर हेच बक होते.

मुंबईत या खेळाने घर केलं ते नागपाड्यात. १९२७ साली क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या मिशनऱ्यांनी तिथे 'नागपाडा नेबरहुड हाऊस' सुरू केलं. दाटीवाटीच्या, गरिबीच्या वस्तीत अभ्यास, आरोग्य आणि खेळ यांची सोय. आज देवनारला असलेली टाटा समाज विज्ञान संस्था १९३६ साली सुरू झाली ती याच नेबरहुड हाऊसमध्ये, हे मला हा लेख लिहिताना कळलं. याच वस्तीने देशाला बास्केटबॉलचे खेळाडू दिले. त्यातले गुलाम अब्बास मुन्तसिर भारताचे कॅप्टन झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

नागपाड्यात मोठं स्टेडियम नव्हतं. उन्हात तापणारं एक कोर्ट होतं आणि रोज संध्याकाळी तिथे येणारे कोच होते. त्यांच्यातल्या बच्चू खान यांचं नाव तिथल्या महापालिकेच्या मैदानाला दिलं आहे. मंत्र्यांची आणि पुढाऱ्यांची नावं आपण पाट्यांवर रोजच वाचतो. गल्लीतल्या पोरांना शिकवणाऱ्याचं नाव मैदानाला मिळणं, याला मी तरी द्रोणाचार्य पुरस्काराइतकाच मान म्हणेन.

धडा तिसरा : धेंपोचे कुलासो सर

आता फुटबॉलकडे वळू आणि शेजारच्या गोव्यात जाऊ. आर्मांदो कुलासो २००० साली पणजीच्या धेंपो क्लबचे कोच झाले आणि २०१३ पर्यंत तिथेच राहिले. भारतीय फुटबॉलमध्ये दोन मॅच हरल्या की कोच बदलायची पद्धत आहे. तिथे एका क्लबला एकच कोच तेरा वर्षं, हीच आधी बातमी!

या तेरा वर्षांत काय झालं? पहिली चार वर्षं धेंपोला राष्ट्रीय लीग मिळाली नाही. नंतर मात्र २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२, असे आठ सीझनमध्ये पाच किताब. २००८ साली धेंपोने आशियाई पातळीवरच्या एएफसी कपची सेमीफायनल गाठली. २०११ साली काही महिने कुलासो भारतीय संघाचेही कोच होते.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती ५ डिसेंबर २००४ची तारीख. बंगळुरूला फेडरेशन कपची फायनल होती, धेंपो विरुद्ध मोहन बागान. ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर धेंपोसाठी खेळत होता. वय फक्त पंचवीस. धेंपो २-०ने जिंकली, दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर होऊन तो मैदानातच कोसळला आणि गेला. कप जिंकला आणि मित्र गमावला, एकाच संध्याकाळी.

कोचिंगच्या कुठल्याही कोर्समध्ये हा चॅप्टर नसतो. ज्या मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यांना पुन्हा त्याच पेनल्टी बॉक्समध्ये धावायला सांगायचं कसं? धेंपोने त्याची १० नंबरची जर्सी बंद केली. आणि त्याच सीझनला धेंपोने आपली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. त्या महिन्यांत ड्रेसिंग रूममध्ये काय बोलणं झालं असेल ते त्या टीमलाच माहीत. पण टीम मोडली नाही, एवढं रेकॉर्ड सांगतं. फॉर्मेशन कोणीही पुस्तकातून शिकवेल. हे पुस्तकात नाही.

पुढची साखळी बघा. कुलासोंच्या धेंपोत खेळलेला समीर नाईक पुढे धेंपोचाच कोच झाला. क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली ओडिशा एफसीने २०२३ साली सुपर कप जिंकला. महेश गवळी भारतीय संघाचा सहायक कोच झाला. २०२३च्या सॅफ स्पर्धेत मुख्य कोचवर बंदी असताना फायनलला टीम त्यानेच सांभाळली आणि भारत जिंकला. नेस्मिथ, अॅलन, स्मिथ ही साखळी अमेरिकेतच असते असं नाही. पणजीपासून म्हापशापर्यंत ती मराठी-कोंकणी आडनावांची सुद्धा असते. जानेवारी २०२५ मध्ये कुलासोंना जीवनगौरव विभागात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. धेंपो सोडल्याला तेव्हा अकरा वर्षं होऊन गेली होती. सांगितलं ना, रिझल्ट उशिरा लागतो!

धडा चौथा : एक शिट्टी, दोन खेळ

आपल्याकडे शाळेत फुटबॉलचा कोच वेगळा आणि बास्केटबॉलचा वेगळा, असली चैन नसते. एकच पीटी सर किंवा मॅडम, एकच शिट्टी, सगळे खेळ. माझ्या शाळेतले पीटी सर सकाळी फुटबॉल आणि मधल्या सुट्टीनंतर बास्केटबॉल घ्यायचे. आम्हाला वाटायचं सरांना दोन्ही अर्धवट येतं. आता थर्ड इयरला कंट्रोल सिस्टिम्स शिकताना कळतंय की सर दोन्ही खेळांत एकच गोष्ट शिकवत होते.

ते म्हणायचे, "बॉल दे आणि हाल. देऊन उभी राहिलीस तर तू खांब!" दोन्ही खेळांत बॉलवाल्या खेळाडूला कायम दोन पास उघडे हवेत, म्हणजे तीन जणींचा त्रिकोण हवा. त्रिकोण मोडला की बॉल गेला. दोन्हींत बॉल हरवल्यावरचे पहिले चार-पाच सेकंद महत्त्वाचे, कारण समोरची टीम तेव्हा विस्कळीत असते आणि आपणही. दोन्हींत बचाव दोन प्रकारे करता येतो, माणसाला धरून किंवा जागेला धरून. फरक आहे तो जागेचा आणि वेळेचा. बास्केटबॉल कोर्ट २८ मीटर लांब, फुटबॉल मैदान १०० मीटरच्या आसपास. बास्केटबॉलमध्ये २४ सेकंदांत शॉट मारावाच लागतो, फुटबॉलमध्ये घड्याळ ढकलत नाही. म्हणून सर फुटबॉलवाल्यांना मुद्दाम लहान कोर्टवर खेळवायचे. जागा कमी, विचार करायला वेळ कमी, चुका लवकर दिसतात आणि लवकर सुधारतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोच नसलेली टीम म्हणजे ओपन लूप सिस्टिम. इनपुट भरपूर, म्हणजे पोरं रोज दीड तास धावतायत, पण आउटपुट मोजून 'एरर किती' हे सांगणारा सेन्सर नाही. स्वतःचा शॉट हवेत असताना आपलं कोपर किती वाकडं आहे ते आपल्याला दिसत नाही, बाहेरच्यालाच दिसतं. आणि फीडबॅक फार जास्त दिला, फार उशिरा दिला, तर सिस्टिम अनस्टेबल होते हेही आपण शिकलोय. प्रत्येक पासवर ओरडणारा कोच टीमला घाबरट करतो. चांगला कोच दहा चुका बघतो आणि एकच सांगतो. कुठली एक सांगायची, तिथे त्याची खरी विद्या.

आमचे सर अकरा महिन्यांच्या करारावर होते. मी नववीत असताना जूनमध्ये शाळा उघडली आणि ते आलेच नाहीत. करार पुढे वाढला नव्हता. आम्हा मुलींची टीम दिवाळीपर्यंत कशीबशी टिकली, मग एकेक करून सगळ्या क्लासला लागल्या. सर आता एका जिममध्ये ट्रेनर आहेत. त्या टीममधल्या बारा जणींपैकी आज खेळणाऱ्या आम्ही दोघी. एक कोच गेला तर काय काय जातं, हा हिशोब मी असा शिकले.

धडा पाचवा : करिअर म्हणून

अमेरिकेत विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल टीमचा कोच म्हणजे मोठी असामी. बऱ्याच राज्यांत तर सरकारी पगार घेणाऱ्यांत सगळ्यात जास्त पगार त्याचाच असतो. त्यातला जॉन वुडन हा आपल्या जवळचा. पर्ड्यू विद्यापीठात तो सिव्हिल इंजिनिअर व्हायला आला होता! पण सिव्हिलवाल्यांना उन्हाळ्यात सर्व्हेचा कॅम्प सक्तीचा होता आणि याला उन्हाळ्यात काम करून पैसे कमवावे लागायचे. म्हणून त्याने इंग्रजी घेतलं, शाळेत शिक्षक झाला आणि मग कोच. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएला त्याने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय किताब मिळवून दिले. दर सीझनच्या पहिल्या दिवशी तो खेळाडूंना काय शिकवायचा? मोजे कसे घालायचे! सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की प्रॅक्टिस बुडते. इंजिनिअरिंग सुटलं पण टॉलरन्सचा विचार सुटला नाही, असं मला वाटतं.

आपल्याकडे रस्ता अरुंद आहे, पण आहे. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट. नुसतं कोचिंग करायचं तर पतियाळाची एनआयएस, जी १९६१ साली सुरू झाली, तिचा डिप्लोमा. आपल्या राज्यात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे काम करतंय. फुटबॉलमध्ये लायसन्सची शिडी आहे: डी, सी, बी, ए आणि वर प्रो. डी लायसन्स काही दिवसांच्या कोर्सवर मिळतं आणि त्यावर लहान मुलांना शिकवता येतं. त्यासाठी भारताकडून खेळलेलं असायची अट नाही. इंजिनिअरिंगची डिग्री असली तरी चालते!

आता आपल्या नवी मुंबईकडे बघा. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ला मुलींच्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल झाली. स्पेनने कोलंबियाला १-०ने हरवलं. यजमान म्हणून त्या स्पर्धेत भारतही होता. तीन मॅच, तिन्ही हरलो, सोळा गोल खाल्ले, एकही मारला नाही. स्टेडियम जागतिक दर्जाचं, पण सहा वर्षांच्या मुलीला बॉल कसा अडवायचा हे शिकवणारं माणूस गल्लीत नाही. सतराव्या वर्षी चांगला परदेशी कोच आणला तरी मधली अकरा वर्षं कोण भरून देणार?

त्याच स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ला भारताच्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला. खेळ वेगळा, तरी उदाहरण सोडवत नाही. कोच होते आपल्या मुंबईचे अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर रन, पण भारताकडून एकही मॅच नाही. त्या रात्री कॅप्टन हरमनप्रीत कौर त्यांच्या पाया पडली. स्कोअरकार्ड काढून बघा, त्यात मुझुमदार हे नाव कुठेच नाही.

समारोप

आता माझ्या प्रश्नाकडे येते. मी तळवलीची. घणसोली आणि रबाळे यांच्या मधलं आमचं गावठाण. शेतं सिडकोने घेतली, आजूबाजूला टॉवर आणि एमआयडीसी झाली, खेळायची जागा मात्र वर्षावर्षाला आकसत गेली. जी उरलीय तिथे पोरं रोज संध्याकाळी फुटबॉल खेळतात. दंगा भरपूर, शिकवणारं कोणी नाही, मुली तर कडेला उभ्या. गेल्या जूनपासून रविवारी सकाळी मी तिथे जाते. सुरुवातीला चार मुली होत्या, आता अकरा आहेत. एकच बॉल आहे, गोलपोस्टच्या जागी विटा आहेत, आणि सरांचं "तू खांब!" हे वाक्य आहे.

फायनल इयर संपलं की डी लायसन्स करायचं मी ठरवलंय. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "चार वर्षांची फी भरली ती शिट्टी वाजवायला का गो?" आजी मात्र म्हणाली, "करू दे तिला. पोरी घराबाहेर तरी पडतात." बाबांचा प्रश्न खोटा नाही. पगाराचा विचार केला तर या लेखातल्या पीटी सरांचं उदाहरण माझ्यासमोर आहेच. म्हणून नोकरी मी करणार, प्लेसमेंटला बसणार. पण रविवार त्या अकरा जणींचा, हे नक्की.

आणि तुमच्याकडे एक मागणं. आपल्या कॉलेजच्या दोन्ही टीमना आज कोच नाही. सीनियर ज्युनियरला शिकवतात, सीनियर पास आउट झाले की पुन्हा शून्यापासून. दरवर्षी आपण स्टुडंट्स कौन्सिलकडे नवीन जर्सी मागतो. या वर्षी जर्सी जुनीच राहू द्या आणि सगळ्यांनी मिळून कोच मागूया. पूर्ण वेळ नाही तर आठवड्यातून तीन दिवस, पण पुढच्या वर्षीही तोच माणूस येईल असा. ट्रॉफी लगेच येणार नाही. कुलासो सरांना पहिली लीग पाचव्या सीझनला मिळाली होती. तोवर आपण पास होऊन गेलेलो असू, ट्रॉफीबरोबरच्या फोटोत आपण नसू. चालेल ना? मला तरी चालेल.